क्लचमधली हळद

झुलाल मिस्तरी : चिठ्ठी मागाहून. आधी गाडी स्टँडवर लाव.

भिकन : उघडायची गरजच काय म्हणतो मी? दोन ओळी लिहा. मोपेड मुळातच खराब, क्लच पहिल्यापासून घसरतो. खाली सही ठोका. चार वाजता धुळ्याला पंच बसणार आहेत, आणि अकरा इथंच वाजले.

झुलाल मिस्तरी : साऱ्या पारोळ्यात चिठ्ठी लिहायला दुसरा कोणी भेटला नाही?

भिकन : पंच तुमचीच चिठ्ठी मानतील असं सगळे म्हणाले. भुसावळच्या रेल्वे शेडात हात घडलेला माणूस म्हणे.

झुलाल मिस्तरी : मानतात, कारण झाकण उघडल्याशिवाय मी चिठ्ठी देत नाही. नाडी न बघता मयताचा दाखला द्यायचा, तसलं काम माझ्याकडं होत नाही. लाव स्टँडवर. आणि हे कोण, वडील का तुझे? आबा, उन्हात कशाला उभे? बाकावर बसा.

आबा : मी आठेच बरा शे.

भिकन : राहू द्या त्यांना. येऊ नका म्हटलं होतं घरीच, ऐकतात कुठं! सहा मैल गाडीमागं पायी आले आणि तोंडातून एक शब्द नाही.

झुलाल मिस्तरी : गाडी असून म्हातारा पायी?

भिकन : तीच तर बोंब आहे! दोन माणसं बसली की इंजिन नुसतं बोंबलतं आणि गाडी जागची हलत नाही. मी एकटा पायडल मारत आलो. गाडी कसली, घामाची सायकल. ट्रकवर टाकून धुळ्याला नेतो, सासऱ्याच्या दारात उभी करतो आणि पंचांना सांगतो, घ्या तुमची गाडी, ठेवा तुमची पोरगी.

झुलाल मिस्तरी : म्हणजे पंच गाडीसाठी नाही बसायचे. बायकोसाठी बसायचे.

भिकन : दोन्ही एकच आहे.

झुलाल मिस्तरी : वा. हे मागचं चाक फिरव हातानं. हं. मोकळं आहे, म्हणजे ब्रेक धरत नाही. चेनही बरोबर आहे, सैल नाही, ताणलेली नाही. चालू कर. स्टँडवरून काढ, पुढचं चाक भिंतीला लाव. आता हळूहळू मूठ पिळ. आणखी. आणखी! बस, बंद कर.

भिकन : बघितलं? ओरडते नुसती.

झुलाल मिस्तरी : इंजिनात जोर आहे, चाकापर्यंत पोचत नाही. क्लचच घसरतो. तेवढं तुझं खरं. ही तार कोणी ओढली? आणि ही काय, सुतळी? क्लचच्या तारेला सुतळीची गाठ! अरे, बकरी बांधायची होती का?

भिकन : आमच्या गावच्या सायकलवाल्यानं. त्याआधी एकानं तार बदलली. अमळनेरला एकानं प्लग बदलला.

झुलाल मिस्तरी : दुखतं पोट आणि बांधलं डोकं. झाकणाच्या स्क्रूला कोणाचा पेचकससुद्धा लागलेला नाही. तिघांनी हात धुऊन घेतले, आत कोणी डोकावलं नाही. कधीपासून घसरतो?

भिकन : पहिल्यापासून.

झुलाल मिस्तरी : लग्न कधी झालं?

भिकन : वैशाखात.

झुलाल मिस्तरी : आणि वैशाखापासून तू पायडलच मारतोस?

भिकन : तसं नाही. जिनिंगमध्ये कारकून आहे मी, रोज हिच्यावरच यायचो. चालायची. पोळ्यानंतर घसरायला लागली.

झुलाल मिस्तरी : मग पहिल्यापासून कशी रे? आषाढ गेला, श्रावण गेला, गावभर मिरवलास. चिठ्ठीत काय लिहू, की खराब गाडी साडेतीन महिने लाजेकाजेनं चालली?

भिकन : जुनाच माल तो! सासऱ्यानं स्वतः तीन वर्षं वापरलेली. धुळ्यात पिठाची चक्की आहे त्यांची, नवी देता आली नसती का? आपलं जुनं खोकड पॉलिश मारून जावयाच्या गळ्यात बांधलं.

झुलाल मिस्तरी : आता ते कशावर फिरतात?

भिकन : कोण?

झुलाल मिस्तरी : सासरे तुझे.

भिकन : सायकलवर.

झुलाल मिस्तरी : हं. सीटखालची ती पिशवी दे इकडं.

भिकन : कसली पिशवी?

झुलाल मिस्तरी : ही. कधी उघडली नाहीस ना? बघ. जास्तीचा प्लग, फडक्यात गुंडाळलेला. पाना. पॉलिश पेपरचा तुकडा. क्लचची नवी तार, गंजू नये म्हणून ग्रीस लावून ठेवलेली. आणि हा कागद. वाच.

भिकन : "तेल पेट्रोलमध्ये मापानं टाकावं. चेनीला पंधरा दिवसांनी ग्रीस. चढावर दोघं असल्यास एकानं उतरावं." सासऱ्यांचंच अक्षर आहे.

झुलाल मिस्तरी : हा माणूस फसवणारा? गाडी लेकीसारखी जपून दिली त्यानं. आणि तू लेक परत केलीस. कधी पाठवलीस?

भिकन : घट बसायच्या चार दिवस आधी. पण त्याला कारण झालं. बहिणीकडं पित्रांच्या जेवणाला निघालो होतो, ती मागं कॅरिअरवर. नाल्याच्या चढाला गाडी अशी घसरली की दोघं खाली. तिथं सगळे पाहुणे चाललेले बैलगाडीतून. एक जण म्हणाला, "जावईबापू, सासऱ्यानं गाडी दिली की तमाशा दिला?" हसले सगळे! माझं तोंड बघायला हवं होतं तेव्हा.

झुलाल मिस्तरी : तिला लागलं का?

भिकन : कोपर फुटलं थोडं.

झुलाल मिस्तरी : थोडं. मग?

भिकन : मग घरी आल्यावर म्हटलं, तुझ्या बापाला ठाऊक होतं, त्यानं जाणूनबुजून हे गळ्यात मारलं. जा, आणि बाप नवी गाडी देईल तेव्हा ये.

झुलाल मिस्तरी : नवी गाडी मागितलीस?

भिकन : मागितली नाही. म्हटलं फक्त.

झुलाल मिस्तरी : आणि ती काय म्हणाली?

भिकन : एवढंच म्हणाली, "माझ्या बापाला नावं ठेवू नका. त्यांचा काही दोष नाही." मग दोष कुणाचा, विचारलं तर गप्प. दातखीळ बसल्यासारखी. दोन कानशिलात... जाऊ द्या. पिशवी भरली आणि एस.टी.नं गेली.

झुलाल मिस्तरी : शी! तोंडाची चव घालवलीस. तो पेचकस दे. तो नाही, मोठा.

आबा : मिस्तरी.

झुलाल मिस्तरी : बोला आबा.

आबा : उघडानंच पडी का?

झुलाल मिस्तरी : उघडावंच लागेल. का?

आबा : नही. काही नही.

झुलाल मिस्तरी : पाणी प्या आणि बाकावर बसा आता. माठ तिकडं आहे. भिकन, हे झाकणावरचं रबरी बूच बघितलंस? आत बघायला असतं हे. याच्या कडेला काय चिकटलंय पिवळं?

भिकन : गंज असेल.

झुलाल मिस्तरी : गंज पिवळा आणि बोटाला तेलकट? चार स्क्रू निघाले. मागं हो. हे आलं झाकण... अरे देवा! थू! थू! थू!

भिकन : काय झालं?

झुलाल मिस्तरी : वास घे. अरे वास घे म्हणतो! जळकं तूप! सगळा डबा राडीनं भरलाय. हे काळं काय, मुंगळे? मुंगळेच. दहा-वीस मुंगळे मेलेत आत. तीस वर्षं काळ्या तेलात हात घालतोय मी, उंदीर निघाला एकदा एअर फिल्टरमधून, पण असलं कधी बघितलं नाही. आणि हे पिवळे गोळे, ही तर...

भिकन : हळद आहे.

झुलाल मिस्तरी : हळद आहे.

भिकन : मिस्तरी, हात लावू नका! हात काढा आधी! करणी आहे ही! तरी मला वाटतच होतं. तिची आई चाळीसगावकडची, तिकडं असलं सगळं चालतं. बोलली का नाही ती? तोंड का मिटून बसली? आता कळलं! तिनंच घातलं, आईच्या सांगण्यावरून. हे झाकण असंच्या असं पंचांपुढं नेतो. लिंबू आहे का बघा आत, टाचण्या आहेत का बघा.

झुलाल मिस्तरी : टाचण्या नाहीत. अक्कल शोधतोस तर तीही नाही. अरे, नवऱ्यावर करणी करायची तर बाई मोपेडच्या क्लचमध्ये करेल? लायनर बघ हे. हे दोन तुकडे बाहेर फेकले जातात आणि या डब्याला धरतात, तेव्हा चाक फिरतं. यांना कोरडं लागतं, खडखडीत कोरडं. तूप लागलं की धरणार कुठून? सुटतात. सुटून सुटून तापतात, तूप जळतं, आणखी सुटतात. एवढीच आहे करणी. वाटीभर तुपाची.

भिकन : पण घातलं कुणी? घरात आम्ही तिघंच. आई जाऊन पाच वर्षं झाली. मी नाही घातलं. आबा तर गाडीला हातही लावत नाहीत. म्हणजे उरली कोण?

आबा : मी शे तो.

भिकन : काय?

आबा : मीच टाकं तूप.

भिकन : आबा, तुम्ही गप बसा. तिच्यासाठी खोटं बोलू नका.

आबा : खोटं कसाले बोलू? हाऊ हात मनाच शे. पोयाना आदला दिन व्हता. खांदमयनी व्हती.

झुलाल मिस्तरी : खांदमळणी? बैलांची?

आबा : बैल कोठे? चांद्या-मोऱ्या चैत्रमाच इकी टाकात यानी. गाडी येवाव व्हती ना वैशाखमा, कोठा मोकया करना पडना. चाळीस वरीस खांदमयनी करी मी. बठ्ठा गाव त्या दिन तूप-हयद लीसन बैलसना खांदा मयस. शेजारना झुंबर, समोरना भाऊराव, बठ्ठा. मी वाटी लीसन कोठामा गऊ. तठे हाई एकलीच उभी व्हती.

भिकन : आणि तुम्ही गाडीचे खांदे चोळलेत!

आबा : गाडीले खांदा कोठे ते मले ठाऊक नव्हतं. तुलेच इचारेल व्हतं मी. गाडी उनी त्या दिन इचारं, हाई ओढस कोठून? तू चार लोकसमोर आठे झाकनवर हात ठेवा आनी बोलना, "आबा, सगळा जोर इथून लागतो." मंग तठेच मया मी. वरतून हात फिरावा. पन लोखंडमा मुरे ना. बैलना खांदामा तूप मुरस. मंग ते बूच दिखनं. काढं आनी ओतं.

झुलाल मिस्तरी : वाटीभर?

आबा : वाटीभर. कोमट करीसन. आवतनबी दिधं.

झुलाल मिस्तरी : काय दिलं?

आबा : आवतन. आज आवतन ल्या, सकाय जेवाले या. बैलसले सांगतस ना, तसंच.

झुलाल मिस्तरी : पुरणपोळीही दिली असेल दुसऱ्या दिवशी.

आबा : टाकीवर ठेवी. कुत्रानी खादी.

भिकन : शी! शी! शी! आबा, लाज नाही वाटली? गावात कळलं तर शेण घालतील लोक तोंडात! जिनिंगमध्ये मला काय म्हणतील? गाडीला तूप चोपडणाऱ्याचा पोरगा! गाढवपणाला काही सीमा? आणि मी तिकडं बिचाऱ्या... मी तिकडं...

झुलाल मिस्तरी : बोल की. अडलास का? बिचारा कोण?

भिकन : मला काय ठाऊक होतं, मिस्तरी? मला कुणी सांगितलं का?

झुलाल मिस्तरी : नाचता येईना अंगण वाकडं. झाकण उघडायला चार स्क्रू होते. चार! त्याआधी तू एक संसार उघडा केलास. आबा, मला एक सांगा. भोळेपणानं तूप घातलंत, ते मी समजतो. माझा बापही रेल्वेच्या इंजिनाला नारळ फोडायचा. पण सूनबाईला हे ठाऊक होतं का?

आबा : व्हतं.

भिकन : काय?

आबा : तिनीच वाटी धरी. मना हात कापतस ना. मी बूच काढं, तिनी वाटी धरी, मी ओतं. ती बोलनी, "आबा, गाडीले चालस का तूप?" मी बोलनू, "अवं, तूप कोनले नही चालस?"

झुलाल मिस्तरी : मग गाडी घसरायला लागली.

आबा : दुसराच दिन. हाऊ उना, गाया दी राहिना, तिना बापना उद्धार करी राहिना. तवयच मले समजनं. तिलेबी समजनं. मी तिले बोलनू, "पोरी, याले सांगू नको. हाऊ मले गावमा उभा ठेवाव नही." ती बोलनी, "नही सांगाव, आबा."

झुलाल मिस्तरी : आणि नाही सांगितलं.

आबा : नही सांगं.

झुलाल मिस्तरी : कोपर फुटलं तेव्हाही नाही.

आबा : नही.

झुलाल मिस्तरी : तिच्या बापाला चोर म्हणाला हा, तेव्हाही नाही. कानशिलात बसली तेव्हा? आबा, इकडं बघा. ती पिशवी भरत होती तेव्हा तुम्ही कुठं होता?

आबा : वट्टावर. वट्टावर बठेल व्हतू.

झुलाल मिस्तरी : ती समोरून गेली?

आबा : समोरतून गई. पाया पडनी मना.

झुलाल मिस्तरी : आणि तुम्ही?

आबा : मी बोलनू, सुखी राय.

झुलाल मिस्तरी : थू! माफ करा आबा, वयानं मोठे आहात, पण थू! या डब्यातली घाण पेट्रोलनं निघते. या मुंगळ्यांची मला किळस नाही. तुम्हा दोघांची येते. एक पोरीला मारतो आणि एक वट्ट्यावर बसून आशीर्वाद देतो. महिना झाला! एक महिना ती बापाच्या घरात बसलीय. शेजारच्या बाया विचारत असतील, का गं, दिवाळी तोंडावर आणि तू इथं? काय सांगत असेल ती?

आबा : काहीच सांगत नही व्हई. सबद दिधा ना तिनी.

भिकन : आबा, तुम्ही मला एकदा... एकदा तरी सांगायचं होतं.

आबा : सांगाले गऊ दोनदा. तू गाडीले लाथ मारी राहिंता. मी माघारी उनू.

झुलाल मिस्तरी : ती पेट्रोलची बाटली दे. हं. आता बघ, कसं पिवळं सुटतंय. हा पॉलिश पेपर तुझ्या सासऱ्याचाच आहे, यानंच लायनर घासतो. थोडं तूप प्यायलेत, पण मेलेले नाहीत. दोन-तीन महिने ओढतील, मग नवे टाक. आणि ही सुतळी फेक तिकडं. सासऱ्यानं दिलेली तार घालतो.

भिकन : मिस्तरी, एक विचारू?

झुलाल मिस्तरी : विचार.

भिकन : चिठ्ठीत असं लिहिता येईल का, की लायनर झिजले होते? आपोआप झिजतात ना लायनर? म्हणजे गाडीचाही दोष नाही, सासऱ्यांचाही नाही, आमचाही नाही. पंचांना सांगतो, गैरसमज झाला, गाडी आता ठीक आहे, प्रमिलाला पाठवा. गोडीगुलाबीनं मिटेल सगळं. तुपाचं कशाला काढायचं?

झुलाल मिस्तरी : अरे, अजून तेच! अजून इज्जतच सावरतोस?

भिकन : आबांची इज्जत म्हणून म्हणतो.

झुलाल मिस्तरी : आबांची? मघाशी गाढव म्हणालास आबांना. ते राहू दे. ती पोरगी तिकडं पंचांसमोर उभी राहील. ते विचारतील, बाई, नवऱ्याचं म्हणणं काय, तुझं म्हणणं काय? ती पुन्हा गप्प बसेल, कारण तुझ्या बापाला शब्द दिलाय. मग पंच म्हणतील, हिच्यातच काहीतरी खोट आहे. आणि तू खिशात माझी चिठ्ठी घेऊन, लायनर झिजले म्हणत, उपकार केल्यासारखा तिला घरी नेणार. मरेपर्यंत ती मनात म्हणेल, हा माणूस हे सगळं जाणून होता. नाही. मी नाही लिहीत. चिठ्ठीच नाही देत.

भिकन : मग मी काय करू? सांगा ना! तुपाचं सांगितलं तर हसतील, नाही सांगितलं तर तुम्ही... आणि ती येईल का तरी?

झुलाल मिस्तरी : यावं कशाला तिनं?

भिकन : असं बोलू नका हो.

झुलाल मिस्तरी : मग कसं बोलू? तूच सांग, काय आहे तुझ्याकडं तिला परत यायला? गाडी? ती तर तिच्याच बापाची.

(आबा बाकाला हात टेकून उठतात, डोक्यावरची टोपी काढून झटकतात आणि पुन्हा घालतात.)

आबा : मिस्तरी, धुयानी यष्टी कव्हय शे?

झुलाल मिस्तरी : साडेबाराला एक लागते. का आबा?

आबा : मी जासू.

भिकन : आबा, तुम्ही कुठं जाता? गाडी होईल अर्ध्या तासात. मागं बसा, दोघं जाऊ.

आबा : तू राय आठे. गाडी व्हई ते लीसन घर जा. तू उना तं पुन्हा तूच बोलशी, मले बोलू देवाव नही.

भिकन : पण पंचांसमोर तुम्ही काय सांगणार?

आबा : जे करं ते सांगसू. मी तूप टाकं. सुननी तोंड मिटी लिधं. पोऱ्यानी हात उगारा. मी देखत बठनू. बठ्ठं सांगसू.

भिकन : हसतील हो आबा! पंचवीस माणसं बसलेली असतील तिथं. तुमच्या तोंडावर हसतील!

आबा : हसू दे. ती पाया पडनी तवय जर कोनी मले हसतं ना, तं बरं व्हतं.

झुलाल मिस्तरी : आबा, थांबा. मघाशी मी थुंकलो. ते जास्त झालं.

आबा : जास्त नही झायं. महिनाभर आधी कोनी थुकतं, तं पोर घर ऱ्हाती.

झुलाल मिस्तरी : स्टँडपर्यंत पोचवू का? माझी सायकल आहे.

आबा : पायीच जास. पंच काय बोलतीन त्यानं भ्याव नही मले. ती काय बोली, त्यानं शे. भिकन.

भिकन : हं, आबा.

आबा : तिना दारमा रिकामा हाते कसा जाऊ? स्टँडवर काहीतरी लेसू. तिले खावाले काय आवडस रे?

झुलाल मिस्तरी : अरे, आबा विचारतात.

भिकन : मले माहीत नही.